विंध्याचा घाट आणि एंजिनाचा श्वास

धार जिल्ह्याची भूमी दुमजली आहे. वरचा मजला माळव्याच्या पठाराचा. धार, मांडू, पीथमपूर ही गावे त्यावर वसली आहेत. खालचा मजला निमाडचा. नर्मदेच्या उजव्या तीरावरील धर्मपुरी, धामणोद, कुक्षी आणि मान नदीच्या खोऱ्यातील मनावर ही त्याची ठाणी होत. वरच्या मजल्याची समुद्रसपाटीपासूनची उंची साडेपाचशे ते सहाशे मीटर, तर खालच्याची दीडशे-दोनशे मीटर. या दोहोंमध्ये विंध्याचा कडा उभा आहे. मनावरच्या बाजारातून निघालेला कापूस किंवा मिरची वर इंदूरच्या पेठेत जावयाची, तर तिला या कड्यावरील सुमारे चारशे मीटरांची चढण चढावीच लागते. निमाडच्या वाहतुकीचा इतिहास हा पुष्कळ अंशी या चढणीचाच इतिहास आहे.

मराठी माणसाला हा मुलूख परका नाही. धारला पवारांचे राज्य होते आणि दुसऱ्या बाजीरावाचा जन्म १७७५ साली धारच्याच किल्ल्यात झाला. मराठ्यांच्या फौजा नर्मदा उतरून माळव्यात शिरत, तेव्हा तोफा आणि सामानाचे गाडे विंध्यावर चढविणे हेच त्यांच्या मुक्कामांचे सर्वांत कष्टाचे काम असे. बंजाऱ्यांचे तांडे हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हेच घाट ओलांडीत. पुढे बैलगाडी आली, तेव्हा घाटाच्या पायथ्याशी जादा बैलजोडी जुंपण्याची रीत पडली. आगगाडी आली, तेव्हा सह्याद्रीच्या थळ घाटातही तीच रीत चालू राहिली. कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा एंजिन लावावे आणि इगतपुरीला सोडावे. सपाटीवर जी शक्ती पुरते ती चढावर पुरत नाही, आणि चढापुरती लागणारी शक्ती सपाटीवर वाहून नेणे परवडत नाही. वाहतुकीच्या शास्त्रातील हा जुना पेच आहे.

मोटारीच्या युगात हा पेच सुटला नाही. त्याने केवळ रूप बदलले. आज मनावरच्या परिसरात शेतमाल, सिमेंट, सरपण, दुधाचे डबे आणि अनेकदा माणसेही ज्या लहान मालमोटारीतून हिंडतात, तिला सारा प्रांत ‘पिकअप’ म्हणून ओळखतो. या पिकअपच्या बॉनेटखाली गेल्या चाळीस वर्षांत एक मोठे स्थित्यंतर झाले. बाहेरची हवा आपल्या बळावर ओढून घेणारे साधे एंजिन मागे पडले आणि दाबाने हवा भरून घेणारे टर्बोचार्जरयुक्त एंजिन पुढे आले. हे स्थित्यंतर कसे झाले, त्याला इतका काळ का लागला आणि त्यात काय कमावले व काय गमावले, हे पाहण्याजोगे आहे.

एंजिन हे श्वास घेणारे यंत्र आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. शक्ती तेलात असते असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा होय. तेल जळावयास हवा लागते, आणि ती थोडीथोडकी नव्हे. एक लिटर डिझेल पुरते जाळण्यासाठी हिशेबाने सुमारे दहा हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात धूर होऊ नये म्हणून डिझेल एंजिनाला याहूनही बरीच अधिक हवा द्यावी लागते. साध्या एंजिनात सिलिंडरमधील दट्ट्या खाली सरकतो, आत पोकळी निर्माण होते आणि बाहेरच्या वातावरणाच्या दाबाने हवा आत शिरते. झडपांच्या आणि नळ्यांच्या अडथळ्यामुळे सिलिंडर पूर्ण भरतही नाही. जेवढी हवा मिळाली तेवढ्याच बेताने तेल जाळता येते. अधिक तेल ओतले, तर काळ्या धुराखेरीज पदरात काही पडत नाही.

तेव्हा शक्ती वाढविण्याचे मार्ग दोनच उरतात. सिलिंडर मोठे करावे किंवा आहे त्या सिलिंडरात हवा दाबून भरावी. पहिला मार्ग सरळ आहे, परंतु त्यात एंजिनाचे वजन वाढते आणि रिकामे जातानाही तो बोजा वाहावा लागतो. दुसऱ्या मार्गासाठी हवा दाबणारा पंखा हवा आणि तो फिरवावयास पुन्हा शक्ती हवी. ती आणावयाची कोठून? या प्रश्नाचे उत्तर आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने दिले. डिझेल एंजिनात जळणाऱ्या तेलाच्या उष्णतेपैकी अदमासे तिसरा हिस्सा तप्त वायूंबरोबर धुराड्यातून वाया जातो. त्या वाया जाणाऱ्या वायूंनी एक लहानसे चक्र फिरवावे, त्याच आसाच्या दुसऱ्या टोकाला हवा दाबणारे चक्र बसवावे आणि अशा रीतीने एंजिनाच्या उच्छ्वासाकडूनच त्याच्या श्वासाचे काम करवून घ्यावे, अशी ती कल्पना. तिचे पेटंट ब्युखीने १९०५ साली मिळविले. त्या वेळी डिझेलचे पहिले यशस्वी एंजिन जेमतेम आठ वर्षांचे होते.

कल्पना उत्तम होती, पण तिला पेलणारी धातू नव्हती. धुराड्यातील वायू सहा-सातशे अंश तापलेले, चक्राचा वेग प्रचंड. ते चक्र तेवढ्या तापमानात न वितळता, न फुटता फिरत राहिले पाहिजे. म्हणून या शोधाला प्रथम आश्रय मिळाला तो आकाराची आणि वजनाची फारशी अडचण नसलेल्या जहाजांत. ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्सेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांवर १९२६ साली ब्युखीच्या पद्धतीची एंजिने आली, तेव्हा त्यांची शक्ती १७५० अश्वशक्तीवरून २५०० वर गेली. कल्पनेपासून सिद्धीपर्यंत वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

दरम्यान दुसऱ्या एका कारणाने या यंत्राकडे लक्ष वेधले होते. विमान उंच जाऊ लागले की हवा विरळ होते आणि एंजिनाला धाप लागते. अमेरिकेतील सॅनफर्ड मॉस या अभियंत्याने १९१८ साली विमानाचे ‘लिबर्टी’ एंजिन मालमोटारीवर चढवून चौदा हजार फूट उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर नेले. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते एंजिन शिखरावर साध्या श्वासाने २३० पर्यंत उतरले आणि टर्बोचार्जर लावताच ३५६ वर गेले. विरळ हवेवर मात करता येते, याचा हा डोंगरमाथ्यावरचा पुरावा होता.

रस्त्यावरील मालमोटारीपर्यंत हे तंत्र पोहोचले ते स्वित्झर्लंडमध्ये, १९३८ साली, सौरर कारखान्याच्या द्वारे. आल्प्सच्या घाटांचा देश तो. तेथे अशा एंजिनाची गरज प्रथम भासावी हे स्वाभाविकच होते. स्वीडनच्या व्होल्वोने १९५४ साली टर्बोयुक्त डिझेल मालमोटार बाजारात आणली. त्याच सुमारास, १९५२ साली, अमेरिकेतील कमिन्स कंपनीने इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध शर्यतीत टर्बोयुक्त डिझेल मोटार उतरविली आणि फ्रेड अगाबाशियन या चालकाने तिला पात्रता फेरीत पहिले स्थान मिळवून दिले. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र ही मोटार दोनशेपैकी एकाहत्तराव्या फेरीला थांबली. धावपट्टीवर उडणारे टायरांच्या रबराचे कण टर्बोचार्जरच्या हवेच्या तोंडात साचले आणि एंजिनाचा श्वास कोंडला. या तंत्राचे सामर्थ्य आणि दौर्बल्य अशा रीतीने एकाच स्पर्धेत जगापुढे आले. ते शक्ती देते, परंतु त्याला स्वच्छ हवा लागते. धुळीच्या प्रदेशातील वाचकांनी ही गोष्ट विसरता कामा नये.

पिकअपच्या बाबतीत या दोन प्रकारांचा खरा सामना अमेरिकेत ऐंशीच्या दशकाच्या शेवटी झाला. फोर्डच्या पिकअपमध्ये १९८८ च्या सुमारास ७.३ लिटरांचे, साध्या श्वासाचे, आठ सिलिंडरांचे डिझेल एंजिन होते. त्याची शक्ती सुमारे १८० अश्वशक्ती. पुढील वर्षी डॉज पिकअपमध्ये कमिन्सचे ५.९ लिटरांचे, सहा सिलिंडरांचे, टर्बोयुक्त एंजिन आले. त्याची शक्ती अवघी १६० अश्वशक्ती होती. कागदावर फोर्ड वरचढ होता. परंतु आसावर पडणारा पीळ, ज्याला टॉर्क म्हणतात, तो डॉजमध्ये ४०० पौंड-फूट होता आणि फोर्डमध्ये सुमारे ३४०. आकाराने लहान, अश्वशक्तीने कमी. पण ओढण्यात भारी. जड ओझे घेऊन चढ चढणाऱ्याला अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा कमी वेगात मिळणारा पीळ अधिक उपयोगी पडतो, हे या सामन्याने सामान्य गिऱ्हाइकाच्याही ध्यानात आणून दिले. पुढे काही वर्षांतच फोर्डलाही टर्बोचा अवलंब करावा लागला.

भारतात मात्र या गोष्टीला अवकाश होता. स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीप जोडण्यास प्रारंभ केला. टेल्कोने डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने १९५४ साली जमशेदपुरात मालमोटारी बांधण्यास सुरुवात केली. फिरोदियांच्या बजाज टेंपो कंपनीची स्थापना १९५८ साली झाली आणि तिच्या तीनचाकी गाडीने मराठी भाषेला एक शब्दच दिला. ‘टेंपो’ हे मूळचे एका जर्मन कारखान्याचे नाव. आज कोणतीही लहान मालगाडी महाराष्ट्रात टेंपो म्हणूनच ओळखली जाते. पुण्यात किर्लोस्करांनी कमिन्सशी भागीदारी करून १९६२ साली कारखाना काढला. पण तेथील एंजिने मोठ्या कामांसाठी होती. खेड्यांतील लहान मालगाडीपर्यंत टर्बोचार्जर यावयास अजून तीन दशके जावयाची होती.

ऐंशीच्या दशकात लहान मालमोटारींचे दालन एकाएकी गजबजले. जपानी सहकार्याने चार कारखाने उभे राहिले. त्यांपैकी आयशर-मित्सुबिशीचा कारखाना धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे निघाला आणि १९८६ साली तेथून ‘कँटर’ बाहेर पडली. त्याच वर्षी टेल्कोने पुण्याहून ‘४०७’ आणली आणि १९८८ साली ‘टाटामोबाइल’ ही खरीखुरी पिकअप रस्त्यावर आणली. महिंद्रांच्या जीपगाड्यांना फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या आराखड्यावरील २.१ लिटरांचे डिझेल एंजिन मिळाले आणि ते इगतपुरीच्या कारखान्यात तयार होऊ लागले. ज्या इगतपुरीला घाट चढून आलेल्या आगगाडीचे जादा एंजिन सुटत असे, तेथेच मोटारींची एंजिने घडू लागली, आणि ज्या मुंबई-आग्रा रस्त्यावर इगतपुरी आहे त्याच रस्त्याने ती सेंधव्यावरून नर्मदेपार निमाडात आणि पुढे माळव्यात पोहोचू लागली.

ही बहुतेक सारी एंजिने साध्या श्वासाची होती. यात कोणाचे अज्ञान नव्हते. टर्बोचार्जरचे तत्त्व आपल्या अभियंत्यांना चांगले ठाऊक होते. परंतु त्या काळच्या परिस्थितीचा हिशेब निराळा होता. डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण फार असे. वंगणाच्या तेलाचा दर्जा बेताचा आणि ते वेळेवर बदलण्याची सवय त्याहूनही बेताची. रस्ते अरुंद, वेग ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरांचा. अशा स्थितीत मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारे आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरणारे नाजूक चक्र खेड्यातील मालकाच्या हाती देणे म्हणजे त्याच्या खर्चात भर घालणे होते. साध्या एंजिनाचे हेड उतरविणे, झडपा घासून बसविणे, दट्ट्याच्या रिंगा बदलणे ही कामे मनावरसारख्या तालुक्याच्या गावी कडुनिंबाखाली बसणारा मिस्त्री करू शकत असे. चढावर गाडी रखडे, पण ती बंद पडली तरी दुसऱ्या दिवशी चालू होई. गरिबाच्या धंद्यात वेगापेक्षा ही खात्री मोलाची असते.

मग पालट कशाने झाला? एकाच एंजिनाच्या दोन रूपांवरून त्याची दिशा कळते. टाटामोबाइलमधील १९४८ घन सेंटिमीटरांचे एंजिन साध्या श्वासाने साठ-सत्तर अश्वशक्ती देई. १९९१ च्या ‘सिएरा’ मोटारीलाही प्रथम तेच मिळाले. गाडी देखणी, पण अंगाने जड. एंजिन तिला ओढण्यास अपुरे पडे अशी तक्रार असे. त्याच आकाराच्या एंजिनाला टर्बोचार्जर लावताच शक्ती नव्वदीच्या घरात गेली. १९९८ साली आलेल्या ‘सफारी’लाही हेच टर्बोयुक्त एंजिन मिळाले. सिलिंडर तेच, जागा तीच. केवळ श्वास बदलला आणि शक्ती अदमासे तिसऱ्या हिश्श्याने वाढली. ब्युखीने १९२६ साली जहाजावर जे दाखविले, त्याचीच ही पुण्यातील आवृत्ती होती.

तथापि शक्तीच्या लोभाने टर्बोचार्जर सर्वत्र आला असता असे म्हणता येत नाही. त्याला सार्वत्रिक केले ते धुराच्या कायद्याने. डिझेल गाड्यांच्या धुरावर भारतात १९९२ पासून मर्यादा आल्या. २००० सालापासून त्या युरोपीय पद्धतीने आखल्या गेल्या. भारत स्टेज चारची मर्यादा एप्रिल २०१७ मध्ये देशभर लागू झाली आणि भारत स्टेज सहाची १ एप्रिल २०२० रोजी. काजळी कमी करावयाची तर तेलाच्या प्रत्येक थेंबाला भरपूर हवा मिळाली पाहिजे, आणि तीही थंड करून. भरपूर हवा टर्बोचार्जर देतो आणि दाबल्यामुळे तापलेली हवा वाटेतील शीतक थंड करतो. दुसऱ्या बाजूने सरकारने तेलही सुधारले. एके काळी दहा लाख भागांत हजारो भाग गंधक असे; आज ते दहा भागांवर आले आहे. त्यामुळे टर्बोयुक्त एंजिनाच्या वाटेतील एक मोठी अडचणही दूर झाली. बोलेरोच्या सांगाड्यावरील, अडीच लिटरांच्या टर्बोयुक्त डिझेल एंजिनाची पिकअप आज मनावरच्या आठवडी बाजारात जागोजाग उभी दिसते, ती या दुहेरी बदलाची फलश्रुती होय.

साधे एंजिन अर्थातच नामशेष झाले नाही. २००५ साली टाटांनी काढलेल्या ‘एस’ गाडीत, जिला लोकांनी प्रेमाने ‘छोटा हत्ती’ म्हटले, ७०२ घन सेंटिमीटरांचे, दोन सिलिंडरांचे, साध्या श्वासाचे डिझेल एंजिन होते. शक्ती अवघी सोळा अश्वशक्ती. तीनचाकी टेंपो चालविणाऱ्या हजारो लोकांना तिने चारचाकी गाडीचे मालक केले. बाजारपेठेच्या गल्लीत आणि गावाच्या शिवारात जिचे सारे आयुष्य जावयाचे, तिला दाबाच्या हवेची गरज नव्हती. गॅसवर चालणाऱ्या अनेक छोट्या मालगाड्यांत आजही साध्या श्वासाची एंजिने आहेत. कामाला साजेसे यंत्र, हे तत्त्व तेथे शाबूत आहे.

आता पुन्हा मनावरच्या चढणीकडे वळले पाहिजे. घाटात टर्बोयुक्त एंजिन सरस ठरते ते उंचीवरच्या विरळ हवेमुळे, असा एक समज आहे. लडाखच्या बाबतीत तो खरा आहे. विंध्याच्या बाबतीत नाही. सहाशे मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने सहा टक्क्यांच्या आसपासच कमी होते. निमाडच्या उन्हाळ्याचा हिशेब याहून जबर आहे. हवा पंधरा अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर तापली की तिची घनता सुमारे साडेनऊ टक्क्यांनी घटते. म्हणजे माळव्याचे पठार एंजिनाचा जेवढा श्वास चोरते, त्याहून अधिक श्वास मे महिन्यातील निमाडचे ऊन पायथ्याशीच चोरून घेते. साध्या एंजिनाला ही तूट सोसावीच लागते. टर्बोचार्जर आणि त्याच्या जोडीचा शीतक ती बऱ्याच अंशी भरून काढतो. घाटात जाणवणारा फरक उंचीचा थोडा, उष्णतेचा अधिक आणि ओझ्याचा सर्वांत अधिक असतो.

ओझ्याचा हिशेबही मांडून पाहावा. मालासह तीन टन वजनाची पिकअप चारशे मीटर उंच चढवावयाची आणि प्रत्यक्ष चढावर पंधरा मिनिटे लागावयाची, तर केवळ वजन उचलण्यासाठी सतत सुमारे अठरा अश्वशक्ती खर्च होते. चाकांचे घर्षण आणि वाऱ्याचा विरोध निराळा. त्याच गाडीत आणखी एक टन माल कोंबला, की हा आकडा चोवीसवर जातो. साधे एंजिन अशा वेळी कुरकुरते, काळा धूर ओकते, पहिल्या गिअरवर येते. चालकाला ओझे जास्त झाल्याचे कळते. टर्बोयुक्त एंजिन हे जादा ओझे निमूटपणे ओढून नेते. हा त्याचा गुण खरा, पण याच गुणात धोका दडलेला आहे. जे यंत्र कुरकुरत नाही त्याच्यावर माणूस अधिक लादतो.

टर्बोयुक्त एंजिनाचे काही हट्टही आहेत. वळणावर गाडी मंदावली आणि एंजिनाचे फेरे उतरले, तर चक्राला पुन्हा गती येईपर्यंत क्षणभर ताकद मिळत नाही. नवीन रचनांत हा विलंब पुष्कळ घटला आहे, परंतु तो मुळीच नाहीसा झालेला नाही. साध्या एंजिनाची प्रतिक्रिया अल्प असली तरी तात्काळ असते. घाट चढून आल्यावर टर्बोयुक्त एंजिन लगेच बंद करू नये, मिनिटभर मंद चालू द्यावे. नाहीतर तापलेल्या आसाभोवतीचे तेल करपते. हवेची गाळणी वेळेवर साफ केली पाहिजे, कारण कापसाच्या हंगामात निमाडच्या कच्च्या रस्त्यांवरील धूळ इंडियानापोलिसच्या रबरापेक्षा कमी निर्दय नाही. आणि बिघाड झाल्यास कडुनिंबाखालच्या मिस्त्रीचे काम आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. यंत्राचे ज्ञान गावातून शहरातील कार्यशाळेकडे सरकले आहे. ही किंमत आकड्यांत दिसत नाही, पण ती द्यावी लागते.

या दोन एंजिनांच्या तुलनेत एक प्रश्न मात्र नेहमी वगळला जातो, आणि तोच जीवनमरणाचा आहे. तो उताराचा. चढताना जी शक्ती एंजिनाने पुरविली, ती उतरताना कोठेतरी जिरवावी लागते. तीन टनांची गाडी चारशे मीटर खाली येते, तेव्हा सुमारे चाळीस लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीपर्यंत तापवील एवढी उष्णता निर्माण होते. चाळीस टनांच्या मालमोटारीच्या बाबतीत हेच पाणी पाचशे लिटरांवर जाते. ही उष्णता केवळ चाकांच्या ब्रेकांवर टाकली, तर ते तापून निकामी होतात. तिचा वाटा उचलावयाचा तो एंजिनाने, खालच्या गिअरमध्ये राहून. या कामी टर्बोचार्जरची फारशी मदत होत नाही. तेल बंद झाले की धुराड्यात जोर उरत नाही आणि चक्र मंदावते. उलट, त्याच्या जोरावर एंजिन लहान केले असेल, तर लहान सिलिंडरांचा रोधही तितकाच कमी भरतो. म्हणून जुन्या मोठ्या एंजिनावर हात बसलेल्या चालकाने नव्या गाडीतून उतरताना एक गिअर आणखी खाली घ्यावा हे शहाणपणाचे.

राऊ ते खलघाट या रस्त्यावरील गणपती घाट या दृष्टीने सर्वांना परिचित आहे. तेथील अपघातांची दुःखद मालिका मुख्यतः धामणोदच्या दिशेने उतरणाऱ्या बाजूची होती. वरून येणाऱ्या अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होत आणि त्या पुढच्या गाड्यांवर जाऊन आदळत. अखेर उतरणाऱ्या वाहनांसाठी सौम्य उताराचा निराळा रस्ता बांधावा लागला आणि तो २०२४ च्या अखेरीस खुला झाला. एंजिनांनी चढ जिंकला, पण उतार जिंकावयास शेवटी डोंगरच नव्याने कोरावा लागला, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

या घाटाच्या वर, माळव्याच्या पठारावर पीथमपूर आहे. तेथील आयशर आणि व्होल्वो यांच्या संयुक्त कारखान्यातून २०१३ पासून अत्याधुनिक डिझेल एंजिनांचे मूळ सांगाडे व्होल्वो समूहाला पुरविले जात आहेत. तेथेच मोटारींच्या परीक्षेसाठी बांधलेली ११.३ किलोमीटर लांबीची अतिवेगाची धावपट्टी जून २०२१ मध्ये सुरू झाली. ज्या स्वीडिश कंपनीने १९५४ साली मालमोटारीला टर्बोचार्जर दिला, तिच्या नावाच्या एंजिनांचे भाग आज धार जिल्ह्यात घडतात, आणि त्याच जिल्ह्याच्या खालच्या मजल्यावर, मनावरच्या शिवारात, भिल्ल आणि भिलाला मजूर पहाटे पिकअपच्या मागच्या हौद्यात उभे राहून कापूस वेचावयास जातात. वर यंत्राची परीक्षा सर्व साधनांनिशी होते; खाली तीच परीक्षा माणसांच्या जिवावर होते.

मालाच्या हौद्यात माणसे भरू नयेत असा कायदा आहे. तो मोडला जातो तो हौसेने नव्हे. सकाळी सहाला शेतावर पोहोचविणारी दुसरी गाडी नसते म्हणून. एंजिन जोवर दुबळे होते, तोवर त्याचा दुबळेपणा हीच एक मर्यादा होती. वीस माणसे भरलेली गाडी चढावर अडे, माणसे उतरत, पायी चढत. आज गाडी अडत नाही. वीस माणसांना घेऊन ती चढते आणि वीस माणसांना घेऊनच ती उतरणीच्या वळणावर येते. जी मर्यादा पूर्वी यंत्र घालीत असे, ती आता माणसांना आणि शासनाला घालावी लागेल. गाड्यांच्या तपासणीने, आणि त्याहून अधिक मजुरांसाठी बसण्याजोगी वाहने पुरवून.

साधे एंजिन चांगले की टर्बोयुक्त, या प्रश्नाचे इतिहासाने दिलेले उत्तर अखेर सरळ आहे. जड ओझे, लांब चढ आणि कडक ऊन असेल तेथे दाबाची हवा भरणारे एंजिन निःसंशय श्रेष्ठ आहे. ते धूर कमी करते आणि त्याच कामासाठी लहान एंजिन पुरते. थोडे ओझे, थोडा पल्ला आणि जवळ मिस्त्री असेल तेथे साध्या श्वासाचे एंजिन अजूनही आपला पोटापाण्याचा धंदा चोख करते. ब्युखीच्या १९०५ च्या कागदापासून मनावरच्या बाजारापर्यंतचा प्रवास शंभर वर्षांचा झाला, कारण कल्पनेच्या मागोमाग धातू, तेल, रस्ता, कायदा आणि कारागीर या साऱ्यांना यावे लागले. त्यांतील शेवटचा सोबती, म्हणजे उताराचे भान, अजून पुरता पोहोचावयाचा आहे. पूर्वीचा गाडीवान घाट चढण्यासाठी जादा बैल जुंपी, आणि उतरताना गाडीच्या चाकाला लाकडाचा अडणा लावी. चढाची तजवीज करणाऱ्याने उताराचीही करावी, हे त्याला कोणी शिकविले नव्हते. घाटानेच शिकविले होते.